मेटल डिटेक्टर आणि तांब्याची जुनी नाणी : इंग्लंडची शेतं, आपले किल्ले

एव्हनकाठ

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात वॉरिकशायरमध्ये राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गव्हाची कापणी झाली की इथल्या शेतांत हेडफोन लावून, हातातला दांडा जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरवत चालणारी माणसं दिसायला लागतात. काही वर्षांपासून मीही त्यांच्यातला एक आहे. इथे काय सापडतं, कसं सापडतं आणि सापडल्यावर काय करायचं असतं, हे मराठीत कुठे नीट लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

सोन्याच्या हंड्यांबद्दल बातम्या येतात, पण शेतात रोज भेटतं ते तांबं. रोमन काळातली नखाएवढी झिजलेली नाणी, सतराव्या शतकातले फार्दिंग (पाव पेनी), आणि सगळ्यात जास्त तिसऱ्या जॉर्जच्या काळातले पेनी-हाफपेनी. यातलं माझं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे १७९७ चा ‘कार्टव्हील’ पेनी. वजन बरोबर एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या वर. व्यास ३६ मिलिमीटर. कडेला रुंद उठावाची पट्टी आणि अक्षरं त्या पट्टीत खाली दाबलेली, त्यामुळे नाणं कितीही झिजलं तरी राजाचं नाव बरेचदा वाचता येतं. मातीतून निघतं तेव्हा कधी चॉकलेटी, कधी गर्द हिरवं असतं. अंगठ्याने ओली माती सरकवली की लाटांमध्ये बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, दिसायला लागते.

हा पेनी पाडला बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत. मालक मॅथ्यू बोल्टन, आणि छापयंत्रं चालायची बोल्टन-वॉटच्या वाफेच्या इंजिनावर. आता आपल्यासाठी खास गोष्ट. याच टांकसाळीतून ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडून नेली. १७९१ आणि १७९४ ची ती नाणी पाहा : एका बाजूला कंपनीची व्यापारी खूण आणि साल, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. म्हणजे मी ज्या भागात राहतो तिथे जवळच तयार झालेला पैसा मुंबईच्या बाजारात भाजीवाल्याच्या हातात होता. १८०९ च्या जानेवारीत ‘अ‍ॅडमिरल गार्डनर’ नावाचं कंपनीचं जहाज केंटच्या किनाऱ्यालगत गुडविन सँड्सवर बुडालं. त्याच्या पोटात मद्रास इलाख्यासाठी पाडलेल्या ‘कॅश’ नाण्यांची पिंपंच्या पिंपं होती. १९८० च्या दशकात त्यातली लाखो नाणी वर काढली गेली. आजही संग्राहकांच्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या १८०८ च्या ‘दहा कॅश’पैकी पुष्कळ त्या जहाजातली आहेत.

इथले नियम थोडक्यात : शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवान्याविना डिटेक्टर नेणं गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘ट्रेझर’ ठरेल असं काही मिळालं तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं. सुटं तांब्याचं नाणं ‘ट्रेझर’ होत नाही, मात्र तीनशे वर्षांपूर्वीची तांब्या-कांशाची दहा किंवा जास्त नाणी एकाच ठेव्यातली असतील तर होतात. आणि जे ‘ट्रेझर’ नाही त्याचीही नोंद करण्यासाठी १९९७ पासून ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ आहे. जिल्ह्याजिल्ह्यात त्यांचा एक अधिकारी असतो. नाणं त्याच्याकडे द्यायचं, तो फोटो काढतो, वजन-व्यास-जागा लिहून घेतो आणि नाणं परत देतो. या नोंदवहीत आज पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते.

प्रश्न असतील तर विचारा, सवडीने उत्तरं देतो.

रानवाटा

वाचतोय. बोल्टनची माहिती नवीन होती, धन्यवाद.

काळी_माती

दादा, खूप छान लिहिलंय. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. पहिला वळीव पडून गेला की बांधाच्या कडेला, ओढ्याच्या काठी काळपट गोल चकत्या उघड्या पडतात. काहींवर हत्ती आहे, मागे एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं. आमच्या आज्जीच्या देव्हाऱ्यात तसली दोन-तीन कायम असायची. लहानपणी आम्ही त्यांना नुसतं ‘जुना पैसा’ म्हणायचो. आता ऑनलाइन डिटेक्टर सात-आठ हजारांपासून दिसतात. स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत फिरवला तर चालेल ना? आणि आपल्या काळ्या रानात ते नीट चालतं का?

टांकसाळ

काळी_माती, हत्ती आणि मागे चार वर्तुळांची जोडणी हे सातवाहनांच्या नाण्यांचं ठळक लक्षण. त्या चिन्हाला अभ्यासक उज्जैन चिन्ह म्हणतात. सातवाहनांनी शिसं, तांबं आणि पोटीन, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेला धातू, असं सगळं वापरलं. जुन्नर ही त्यांची मोठी बाजारपेठ, नाणेघाट तिथून जवळ. देव्हाऱ्यातल्या नाण्यांना कृपया चिंच लावू नका.

दिवाणी

सातबाऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘माझी जमीन, माझं नाणं’ हा समज गावोगाव आहे आणि तो धोक्याचा आहे.

भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, इंग्रजीत इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट. त्यात निधी म्हणजे जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेली, कोणतंही मूल्य असलेली वस्तू. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला तर कलम ४ प्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, किती, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. शिवाय वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ ची आहे. आज कुठलंही ओळखता येणारं जुनं नाणं त्या मर्यादेच्या पुढेच जाईल.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात. हक्क सांगणाऱ्यांनी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानच्या ठरलेल्या तारखेला हजर राहायचं. निधी बेवारस ठरला आणि जमिनीचा मालक वेगळा असला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. सरकारला तो निधी स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येतो. न कळवता दडवला तर कलम २० प्रमाणे वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय हिस्सा जातो तो वेगळाच. जमीनमालकाने दडवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

याच्या जोडीला १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. तिसरा, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याच धर्तीवर राज्याचा १९६० चा. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. कुदळ असो, खुरपं असो, खोदकाम ते खोदकामच.

तेव्हा काळी_माती, स्वतःच्या रानात नांगरताना काही वर आलं आणि तुम्ही कळवलंत, तर तुम्ही पूर्ण कायद्यात आहात. पण मुद्दाम शोधून, उकरून, घरी नेऊन ठेवणं मी कुणालाही सुचवणार नाही.

काळी_माती

दिवाणी साहेब, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. पण खरं सांगू का, गावात कुणी कळवत नाही त्याचं कारण लोभ नाही. तहसीलला गेलो तर आपल्यालाच चार प्रश्न विचारतील, पंचनामा होईल, काम बंद पडेल, ही भीती असते. विहिरीचं काम चालू असताना काही निघालं तर मुकादम सांगतो, गप गुमान बुजव.

दिवाणी

भीती खोटी नाही. म्हणून सांगतो, एकट्याने जाऊ नका. सरपंच किंवा पोलीस पाटील सोबत घ्या, अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का तुमचं संरक्षण आहे. अर्ज मराठीत, साध्या भाषेत चालतो.

रानवाटा

आता माझं म्हणणं. गेली काही वर्षं आडबाजूच्या किल्ल्यांवर डिटेक्टर घेऊन फिरणारे भेटतात. सदरेच्या जोत्यालगत, टाक्याच्या काठावर, पडक्या वाड्यांच्या उंबऱ्यापाशी वीतभर खोलीचे ताजे खड्डे दिसतात. मागे नेलेल्या नाण्याचा पत्ता नाही आणि खड्ड्याने जोत्याचा चिरा सुटलेला. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर यांच्यासह आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्या आनंदात आम्ही सगळे होतो. पण यादीत नसलेले शेकडो किल्ले तसेच उघडे पडलेत, तिथे पहारेकरीसुद्धा नाही.

काही जण विचारतात, एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, उचललं तर किल्ल्याचं काय बिघडलं? बिघडतं. नाणं जमिनीच्या ज्या थरात पडलंय त्या थराचं वय ते सांगतं. फरसबंदीच्या खाली सापडलं तर फरस नाण्यानंतरची, फरसावर राखेत सापडलं तर जळीत नाण्यानंतरचं. नाणं उपटून काढलं की पानांचे आकडे पुसलेली पोथी हाती राहते.

उदाहरण नाशिकजवळचं घ्या. १९०६ साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नहपान या क्षत्रपाची (शक राज्यकर्त्याची) १३ हजारांहून अधिक नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. गौतमीपुत्राने नहपानाचं राज्य जिंकलं याचा इतका ठोस पुरावा दुसरा क्वचितच असेल. हा साठा पाच-पन्नास नाण्यांच्या पुड्या होऊन सराफांच्या मुशीत गेला असता तर? चांदी उरली असती आणि ही गोष्ट गेली असती.

टांकसाळ

+१ रानवाटा. अगदी मनातलं लिहिलंत.

शिवराईचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, कारण किल्ल्याच्या पायथ्याशी ‘अस्सल शिवराई’ म्हणून जे विकलं जातं त्यात बनावट भरपूर असतं. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची मानतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. सुरुवातीच्या नाण्यांचं वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. तांब्याची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वर घण मारायचा, अशी ही नाणी हाताने पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून एखाद्या नाण्यावर ‘श्री’ अर्धा कापलेला, दुसऱ्यावर ‘राजा’ पूर्ण आणि ‘शिव’ कडेबाहेर गेलेला. दोन शिवराया तंतोतंत सारख्या सहसा दिसत नाहीत. महाराजांच्या नंतरही कितीतरी दशकं याच नावाने नाणी पडत राहिली. ‘शीव’, ‘सीव’, ‘छत्रपती’ असे लेखनातले फरक, अक्षरांची वळणं, खालचे चंद्र-सूर्य, पेशवाईतली मधोमध दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’, अशा पुष्कळ जाती आहेत.

हे तांबं आपल्या सह्याद्रीतलं नव्हे. बेसॉल्टच्या या प्रदेशात खाणीतून काढण्याजोगं तांबं नाही, ते बाहेरून यायचं. सतराव्या शतकात डच कंपनी जपानचं तांबं भरभरून हिंदुस्थानात आणून विकत होती.

बनावट ओळखायचं तर भिंगाखाली कड पाहा. साच्यात ओतलेल्या नाण्याला कडेने बारीक शिवण असते, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात. घणाच्या घावाने पडलेल्या नाण्याच्या कडेला तांबं ताणल्याच्या बारीक चिरा दिसतात. आणि दहा नाण्यांवर ‘श्री’ एकाच जागी तुटलेला दिसला तर ती सगळी एका साच्यातली.

ज्यांना गोडी आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय जरूर पाहावं.

आजोळची_पेटी

टांकसाळ काका, आजोळी एका पितळी डब्यात तीस-चाळीस तांब्याची नाणी निघाली. बरीचशी व्हिक्टोरियाची पाव आणा दिसतात, काही भोकाचे पैसे आहेत. त्यातल्या तीन-चार नाण्यांवर फिकट हिरवी पूड धरलीये, बोट लावलं तर पावडरसारखी निघते. मामी म्हणते लिंबू-मीठ लावून घास. काय करू?

रसायन_शाळा

ताई, लिंबू-मीठ अजिबात नको. सांगते का ते.

तांब्यावर चढणारा हिरवा रंग दोन तऱ्हेचा. एक गुळगुळीत, घट्ट बसलेला, कधी गर्द हिरवा कधी तपकिरी. त्यात लालसर क्युप्राइट आणि हिरवं मॅलॅकाइट असतं. तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसरा तुम्ही म्हणता तसा फिकट, भुरभुरीत. त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. धातूच्या आत क्लोराइड अडकलेलं असतं, हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया चालू राहते आणि नाणं आतून खात जातं. कोकणात आणि मुंबईत हे फार. आता मिठात क्लोराइडच असतं, आणि लिंबाचं आम्ल वरचं कवच काढून टाकतं. म्हणजे रोगाला दार उघडून दिल्यासारखं होईल.

आत्ता एवढं करा : रोग लागलेली नाणी बाकीच्यांपासून वेगळी करा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की बदला. सुटी पूड बांबूच्या काडीने किंवा मऊ ब्रशने हलक्या हाताने काढा, लोखंडी सुई नको. पीव्हीसीचे मऊ पाकीट-अल्बम वापरू नका, त्यातून निघणारं रसायन तांब्याला चिकट हिरवं करतं. मौल्यवान नाणं असेल तर बेंझोट्रायाझोलचा उपचार संवर्धकाकडूनच करून घ्या, ते घरच्या मोरीत करायचं काम नव्हे.

टांकसाळ

रसायन_शाळा ताईंच्या शब्दाला माझा दुजोरा. आजोळची_पेटी, पाव आण्यावर १९०६ च्या आधीचं साल असेल तर ते तांबं, त्यानंतर सरकार ब्राँझकडे वळलं. ‘क्वीन’ लिहिलंय की ‘एम्प्रेस’ तेही पाहा. १८७७ पासून ‘एम्प्रेस’ आहे. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा, युद्धात धातू वाचवायला मध्ये भोक पाडलेलं. बाजारात या नाण्यांना फार भाव नाही, पण एका घराच्या डब्यात एकत्र राहिलेली आहेत, ती तशीच एकत्र ठेवा.

एव्हनकाठ

काळी_माती, तुमच्या काळ्या रानाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. मागच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा यंत्र सोबत नव्हतं आणि न्यावंसंही वाटलं नाही, पण तत्त्व सांगतो.

बहुतेक हौशी यंत्रं कमी वारंवारतेची, काही हजार हर्ट्झच्या आसपास चालणारी. खालच्या गोल तबकडीत दोन वेटोळी असतात. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्याने जमिनीतल्या धातूत भोवरे-प्रवाह तयार होतात, त्यांचं क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. परतीचा संकेत मूळ संकेतापेक्षा किती मागे पडला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. लोखंड खालच्या टोकाला, जाड तांबं आणि चांदी वरच्या टोकाला. पण पातळ, झिजलेलं छोटं रोमन नाणं अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदासारखाच आकडा देतं. म्हणून शीतपेयांच्या डब्यांचे तुकडे उकरण्यात दिवस जातात आणि ते सगळे पिशवीत भरून शेताबाहेर आणावे लागतात. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत कळते, त्याखाली क्वचितच.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज भरपूर, त्यापासून झालेल्या काळ्या मातीतही ते उतरतं. त्यामुळे यंत्राला जमीनच ‘बोलते’. ‘ग्राउंड बॅलन्स’ करून तो आवाज दाबावा लागतो आणि त्यात खोली कमी होते. कोकणातला जांभाही लोहाने भरलेला, तिथेही तेच. सात-आठ हजारांच्या यंत्राने आपल्या रानात बैलांच्या पत्र्या आणि नांगराचे तुकडे मिळतील, शिवाय सतत खोटे आवाज.

रानवाटांशी मी शंभर टक्के सहमत आहे. इथे परवानगी आहे याचं कारण नांगरलेल्या शेतात वरचा वीतभर थर आधीच शेकडो वर्षं उलटापालटा झालाय, त्यातली वस्तू काढल्याने थर मोडत नाही. नांगराच्या खालच्या मातीला आम्ही हात लावत नाही, खाली काही असेल तर थांबून अधिकाऱ्याला फोन. किल्ल्यावरची माती नांगरलेली नसते. तिथे प्रत्येक इंच जागेवर आहे, म्हणून डिटेक्टर तिथे नकोच.

रानवाटा

पण एक वाट मला दिसते. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या हौशी लोकांना सोबत घेऊन ओळीने मैदान पिंजून काढलं. प्रत्येक गोळी जिथे सापडली तिथे निशाण लावलं, आणि कोण कुठून लढलं याचा नकाशा तयार झाला. आपल्याकडे जालन्यातल्या असईला १८०३ ची लढाई झाली, खर्ड्याला १७९५ ची. ती मैदानं आज शेतं आहेत, दर वर्षी नांगरली जातात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने परवाना घेऊन, विद्यापीठाच्या देखरेखीखाली, गावकऱ्यांना सोबत घेऊन असं सर्वेक्षण करावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. त्यात मी पदरमोड करून यायला तयार आहे.

काळी_माती

मीही येईन. डिटेक्टर घ्यायचा बेत रद्द, दादा. पण रानात आपोआप वर येतात त्या नाण्यांची नोंद मी करू शकतो का? नेमकं काय लिहायचं?

एव्हनकाठ

हो, आणि ते सगळ्यात मोलाचं काम आहे. नाणं उचलण्याआधी जागेवरच मोबाइलने फोटो घ्या, शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. मग लहान कागदी पाकीट, प्लॅस्टिक नको. पाकिटावर पेन्सिलने लिहा : तारीख, गाव, गट नंबर, बांधापासून किंवा विहिरीपासून किती पावलं आणि कुठल्या दिशेला, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, नाणं वर पडलेलं होतं की नांगराने आलं, सोबत खापरं-विटा-राख दिसली का, आणि सापडलं कुणाला. पाण्यानेही घासू नका, माती सुकली की आपोआप पडते. सराफी काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहा. जागेचा नेमका पत्ता इथे किंवा फेसबुकवर टाकू नका, दुसऱ्याच रात्री कुदळी पोचतात. दिवाणींनी सांगितल्याप्रमाणे अर्जाला या नोंदींची प्रत जोडा.

आज्जींच्या देव्हाऱ्यातल्या नाण्यांचेही दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. वजन आणि व्यासासह इथे टाकलेत तर टांकसाळ काका वाचून देतील असं मी त्यांना न विचारताच कबूल करतो.

टांकसाळ

जरूर टाका. हत्तीच्या वर ब्राह्मी अक्षरं असतील तर तो भाग जवळून घ्या, राजाचं नाव तिथेच असतं.